‘स्टार्व्ह्ड’ आजींना सँडविच द्यायचं की ब्लँकेट? यॉर्कशरच्या वॉर्डातली इंग्रजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नर्सिंग सांगलीकडे झालं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत हवे तेवढे बँड, म्हणजे गुण, मिळाले, साउथ यॉर्कशरमधल्या एका रुग्णालयात वयस्कांच्या वॉर्डात रुजू होऊन काही आठवडे झाले, आणि पेशंट काय बोलतात तेच कळत नाही. एक आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स’. हा बिल त्यांचा मुलगा की शेजारी, म्हणून तुम्ही फाइलमध्ये नातेवाइकांची नावं चाळलीत. पुढे एक आजी ‘आयम स्टार्व्ह्ड, लव्ह’ म्हणाल्या. तुम्ही सँडविच आणून दिलंत आणि त्या तुमच्याकडे बघतच राहिल्या. आता तुम्ही विचारताय की अशा बोलींची पाठ करण्याजोगी यादी आहे का, हे शब्द आले कुठून, आणि आपणही तसंच बोलायला लागावं का.

मी याच भागातल्या वॉर्डांत बरीच वर्षं काढली आहेत. आपल्याकडच्या, केरळच्या, फिलिपीन्सच्या नव्या नर्सेसना हाताशी घेऊन तयार करायचं कामही माझ्याकडेच येतं. त्यामुळे तुमच्यासारखे प्रश्न नवे नाहीत. यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही, हे आधीच सांगते. का, ते पुढे येईलच.

पहिल्यांदा न्यूनगंड काढून टाका. इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लिसनिंगमध्ये 7 बँड लागतात आणि ते तुम्हाला मिळालेत, म्हणजे इंग्रजी तुम्हाला कळतं. पण त्या परीक्षेच्या रेकॉर्डिंगमध्ये पहाटे पाचला, कवळी काढून ठेवलेला, बार्न्सलीबाहेर कधी न राहिलेला ऐंशीचा म्हातारा बोलत नसतो. दक्षिण इंग्लंडातून बदलून आलेले गोरे ज्युनियर डॉक्टरही इथे सुरुवातीला ‘सॉरी?’, ‘पार्डन?’ करत फिरतात आणि मग हळूच एखाद्या एचसीएला, म्हणजे नर्सच्या मदतनीस बाईला, विचारतात, ‘काय म्हणाले गं ते?’

आता खरा प्रश्न. समजा एखादी इंग्रज नर्स मिरजेच्या वॉर्डात कामाला आली. पेशंट म्हणाली ‘पोटात कावळे ओरडतायत’, तर ती चमकेल आणि कुणाला तरी विचारेल. पण सासूबाई म्हणाल्या ‘तिला दिवस गेलेत’, तर दोन्ही शब्द तिच्या पुस्तकात असतात. दिवस म्हणजे दिवस, गेले म्हणजे गेले. ती मान डोलावेल आणि त्या बाईला तशीच एक्स-रेला पाठवेल.

यॉर्कशरमध्येही हेच आहे. बिलची आई ही कावळ्यांच्या जातीतली. ऐकताक्षणी विचित्र वाटते, म्हणून माणूस विचारतो आणि प्रश्न मिटतो. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की त्या बाजूला आभाळ काळं झालंय, पाऊस येणार. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर, बर्मिंगहॅम या मिडलंड्सच्या पट्ट्यातलं हे बोलणं आमच्याकडेही सर्रास ऐकू येतं. बिल कोण म्हणाल, तर कुणी शेक्सपिअर सांगतं, कुणी जर्मनीचा कैसर विल्हेल्म सांगतं. दोन्हींना पुरावा नाही, आणि असता तरी तुमच्या कामाला उपयोग नव्हता. आजोबांना एवढंच हवं होतं की तुम्हीही खिडकीबाहेर बघून ‘ओह, लुक्स लाइक रेन’ म्हणावं. त्यांना गप्पा मारायच्या होत्या.

अशा शब्दांची मी फार काळजी करत नाही. मला काळजी असते ती ओळखीच्या चेहऱ्याने येणाऱ्या शब्दांची. तुमच्या आजींचा ‘स्टार्व्ह्ड’ हा त्यांच्यातलाच. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘मरणे’ असा होता. पुढे प्रमाण इंग्रजीत तो भुकेने मरण्यापुरता आकसला. उत्तरेत मात्र थंडीने मरण्याचा, म्हणजे गारठून जाण्याचा अर्थही टिकला. त्या आजींना थंडी वाजत होती. पण म्हणून उद्यापासून ‘स्टार्व्ह्ड म्हणजे थंडी’ असं वहीत लिहून मोकळ्या होऊ नका. पंचविशीतला मुलगा ‘आयम स्टार्व्हिंग’ म्हणाला तर त्याला जेवायलाच हवं असतं. ऐंशीच्या आजी ‘स्टार्व्ह्ड’ म्हणाल्या तर बहुधा थंडी. ‘बहुधा’ म्हणते, कारण आजींनाही भूक लागतेच. मी अशा वेळी हात हातात घेते आणि विचारते, ‘कोल्ड, आर यू? ऑर हंग्री?’ दोन सेकंदांचं काम. थंडी असेल तर ब्लँकेट द्यायचं आणि लगेच तापमानही बघायचं. म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्ग नेहमी तापाच्या रूपात येत नाही, कधी अंग गारही पडतं. 36 किंवा त्याखालचं तापमान न्यूज स्कोअरमध्ये, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का हे ओळखायच्या इथल्या गुणतक्त्यात, गुण घेतं ते उगाच नाही. सँडविचमुळे बिघडलं काहीच नाही, फक्त तापमानाची नोंद उशिरा झाली असती.

या ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये माझ्या लेखी सगळ्यात घातक जोडी म्हणजे ‘डिनर’ आणि ‘टी’. आपण शिकलो ते इंग्रजी असं की लंच दुपारी, टी चारला, डिनर रात्री. इथल्या जुन्या कामगार घरांत डिनर म्हणजे दुपारचं जेवण, आणि टी म्हणजे संध्याकाळी पाच-सहाचं पोटभर जेवण. चहाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बायकांना सगळा देश ‘डिनर लेडीज’ म्हणतो, त्यातही तोच जुना अर्थ आहे. आता डोळ्यांसमोर आणा: नवीन ॲडमिशन, मधुमेही आजोबा. तुम्ही घरच्या औषधांची माहिती घेताय. ते सांगतात, ‘व्हाइट टॅब्लेट विथ मी डिनर, अँड मी जॅब अ‍ॅट टी-टाइम.’ (इथे ‘मी’ म्हणजे ‘माय’.) तुम्ही लिहिता: गोळी रात्री, इंजेक्शन चारला. प्रत्यक्षात गोळी दुपारी बाराची आणि इन्सुलिन संध्याकाळच्या जेवणाबरोबरचं. चारला इन्सुलिन टोचलं आणि ताट सहाला आलं, तर मध्ये साखर कुठे जाईल हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझ्या हाताखालच्या मुलींना माझा एकच कडक नियम आहे. औषधाच्या बाबतीत जेवणाचं नाव लिहायचं नाही, घड्याळ विचारायचं. ‘व्हॉट टाइम डू यू हॅव युअर टी?’ असं विचारलं की ‘अबाउट हाफ फाइव्ह’ असं उत्तर येतं. यातही ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. मग जीपीकडची, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडची नोंद आणि डब्यावरचं फार्मसीचं लेबल पडताळायचं. पेशंटची बोली कळली तरी पडताळणी सोडायची नाही.

वेळेचाच दुसरा शब्द ‘व्हाइल’. यॉर्कशरमध्ये ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. इथे ‘व्हाइल’ हा ‘अंटिल’च्या जागी येतो. पेशंट म्हणाला, ‘दे सेड नथिंग टू ईट व्हाइल टेन’, तर दहा वाजेपर्यंत उपाशी राहायचंय. रेल्वे फाटकावर ‘दिवे लुकलुकत असताना थांबा’ या अर्थाची ‘वेट व्हाइल लाइट्स फ्लॅश’ अशी पाटी लावली आणि यॉर्कशरचे लोक दिवे लागायची वाट बघत उभे राहिले, मग लागल्यावर निघाले, असा एक किस्सा इथे हमखास ऐकवतात. खरा की रचलेला, देव जाणे. पण शब्द लक्षात राहायला चांगला आहे.

‘बॅक एंड’ ऐकलंत की नाही अजून? ‘आय हॅड मी ऑपरेशन अ‍ॅट बॅक एंड.’ एका नव्या मुलीने हे ऐकून अगदी गंभीर चेहऱ्याने आजींना विचारलं की आता शौचाला काही त्रास होतो का. आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं. ‘बॅक एंड’ म्हणजे वर्षाची मागची बाजू, पानगळीचे दिवस, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. खेड्यांतून आलेल्या, शेतीशी संबंध असलेल्या माणसांच्या तोंडी हे जास्त. इथेही मी अर्थ ओळखत बसत नाही. ‘लास्ट ऑटम, वॉज इट? बिफोर ख्रिसमस?’ असं विचारते.

डोन्कास्टर-बार्न्सलीचा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. 1984-85चा मोठा संप इथल्या घराघरांत अजून काल झाल्यासारखा बोलला जातो. यॉर्कशरची शेवटची खोल खाण, केलिंग्ली, डिसेंबर 2015 मध्ये बंद झाली. त्यामुळे खाणकामगारांचे शब्द तुमच्या वॉर्डात आहेत. ‘स्नॅप’ म्हणजे खाणीत नेलेला डबा. आणि एखादे आजोबा ‘आय’व्ह गॉट डस्ट, लव्ह’ म्हणाले तर बेडसाइड टेबल पुसायला घेऊ नका. ते फुप्फुसात बसलेल्या कोळशाच्या धुळीबद्दल, न्यूमोकोनिओसिसबद्दल सांगतायत. त्यांच्या दृष्टीने ते आजाराचं नावच आहे. हा शब्द कानावर आला की मी खाणीत किती वर्षं होता ते विचारते, ऑक्सिजनचं लक्ष्य डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बघते, आणि छातीच्या डॉक्टरांकडे कधी नोंद झाली होती का तेही बघते.

काही झटपट सांगते. ‘स्टॉपिंग’ म्हणजे थांबणं नव्हे, राहणं. ‘आयम स्टॉपिंग अ‍ॅट अवर लिंडाज’ हे डिस्चार्जच्या वेळी ऐकलंत तर लिंडाचा पत्ता घ्या, घरी जाऊन शुश्रूषा करणारी डिस्ट्रिक्ट नर्स तिकडे पाठवावी लागेल. ‘अवर लिंडा’ म्हणजे घरातलीच, बहुधा मुलगी किंवा बहीण. आपण ‘आमची सुमी’ म्हणतो तसंच, त्यामुळे हे आपल्या कानाला लगेच पटतं. ‘हॅपन’ म्हणजे ‘कदाचित’. ‘हॅपन आय फेल’ यात पडल्याची कबुली नाही, पडलो असेन एवढंच. ‘स्पाइस’ हा शब्द जुने लोक गोळ्या-चॉकलेटसाठी वापरतात. नातवाने आजोबांना ‘सम स्पाइस’ आणून दिलं असेल तर साखर तपासा. मात्र तरुण पेशंटच्या बाबतीत तोच शब्द एका घातक कृत्रिम अमली पदार्थाचं नाव आहे, तिथे वेगळ्याच कारणाने कान टवकारा.

आणि एक शब्द यॉर्कशरचा नाही, सगळ्या ब्रिटनचा आहे, पण आपल्याला पहिला तोच पाडतो: ‘सिक’. आपण भारतात ‘आय वॉज सिक’ म्हणजे आजारी होते म्हणतो. इथे ‘आय’व्ह बीन सिक’ म्हणजे उलटी झाली. तुम्ही हँडओव्हरमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना माहिती देताना, ‘ही वॉज सिक लास्ट वीक’ म्हणालात तर समोरची विचारेल, किती वेळा, रंग काय होता. आजारी असल्याचं इथे ‘पुअरली’ किंवा, यॉर्कशरच्या जुन्या तोंडात, ‘बॅडली’ असतं. ‘शी’ज बीन राइट बॅडली’ म्हणजे ती चांगलीच आजारी होती. तिने काही वाईट केलेलं नसतं.

‘पुअरली’वरून मला ज्यावर खरं बोलायचंय तिकडे येते. इथल्या माणसांच्या बोलण्यात दुखणं कमी करून सांगायची सवय इतकी मुरलेली आहे की शब्द कळूनही अर्थ चुकतो. डॉक्टर नातेवाइकांना म्हणतात, ‘आयम अफ्रेड युअर मदर इज व्हेरी पुअरली.’ ऐकायला किती सौम्य वाटतं! इथल्या लेकीला त्याच क्षणी कळतं की आई वाचेल की नाही सांगता येत नाही, भाऊ-बहिणींना फोन करायला हवेत. परदेशातून आलेले नातेवाईक मात्र हे वाक्य ‘जरा बरं नाही’ असं ऐकतात आणि घरी निघून जातात. असं घर समोर असेल तर तुम्ही थांबा, डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगायला लावा. पेशंट मराठी किंवा हिंदी बोलणारा असेल तर हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही. पण वाईट बातमी सांगायला अधिकृत दुभाषी मागवायचा हा नियम मोडू नका.

पेशंटच्या बाजूनेही हेच. ‘हाऊ आर यू?’ विचारलं की उत्तरं येतात: ‘नॉट सो बॅड’, ‘फेअर टू मिडलिंग’, ‘मस्न्ट ग्रंबल’. तीनही उत्तरांतून तब्येत कळत नाही, फक्त समोरचा सभ्य आहे एवढं कळतं. ‘नॉबट मिडलिंग’ म्हणाले तर मात्र लक्ष द्या, ‘नॉबट’ म्हणजे ‘नुसतं’, म्हणजे जेमतेम. ‘नॉट फीलिंग टू क्लेव्हर’ म्हटलं तर त्याचा हुशारीशी संबंध नाही, बरं वाटत नाहीये. ‘मी नी’ज गिव्हिंग मी जिप’ म्हणजे गुडघा छळतोय. ‘जिगर्ड’ म्हणजे माणूस असेल तर थकून गेलेला, गुडघा असेल तर कामातून गेलेला. हे सगळे शब्द कळले तरी दुखणं किती, हे कळत नाहीच. जन्मभर खाणीत काम केलेला माणूस दुखण्याला दहापैकी दोन गुण देतो आणि त्याच वेळी त्याने पलंगाचा कठडा इतका घट्ट धरलेला असतो की बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. मी गुण लिहिते, पण पेरंही लिहिते. आणि आकड्याऐवजी कामाबद्दल विचारते: रात्री झोप लागली का, बाथरूमपर्यंत चालत गेलात का, मागच्या आठवड्यात हे जमत होतं का? ‘नॉट सो बॅड’ म्हणणारा माणूस ‘काल चहाचा कप उचलता आला नाही’ हे मात्र सरळ सांगतो.

इथे तुम्ही रास्तपणे विचाराल, मग सगळं इतकं माणसागणिक बदलत असेल तर शिकायचं कसं? बदलतं हे खरंच आहे. वय, गाव, घरचा धंदा, पेशंट मुळात कुठला, या सगळ्यांवर अवलंबून आहे. पावाच्या गोल लादीचंच घ्या: शेफील्ड-डोन्कास्टरला ती ब्रेडकेक, नॉटिंगहॅमला कॉब, मँचेस्टरला बार्म. तासाभराच्या गाडीप्रवासात नाव बदलतं. शेफील्डच्या लोकांना बार्न्सलीचे लोक ‘डी-डार’ म्हणून चिडवतात, कारण ‘दी’ आणि ‘दा’ ही ‘तू’ अर्थाची जुनी सर्वनामं शेफील्डवाले ‘डी’ आणि ‘डा’ अशी म्हणतात. दोन गावं अगदी शेजारी आहेत! शिवाय तुमच्या वॉर्डात जमैकातून आलेल्या, पंजाबी, पोलिश आज्याही आहेत, त्यांना बिलच्या आईचं काही देणंघेणं नाही. म्हणून छापील याद्या निरुपयोगी. कुणीतरी मगवर नाहीतर चहाच्या फडक्यावर छापायला गोळा केलेले शब्द त्यांत असतात: गमतीदार, ठळक, आणि वॉर्डात सहसा न येणारे.

मी करते ते असं. शब्द सुटा लिहीत नाही, पूर्ण वाक्य लिहिते, आणि पुढे कोण बोललं (वय, साधारण कुठलं), कुणाला, कशावरून, हसत की कण्हत. एकच शब्द तीन वेगळ्या तोंडांतून आला की त्याचा आकार कळायला लागतो. ‘मार्डी’चं असंच झालं. रुसलेला, चिडका असा त्याचा अर्थ कुणीही सांगेल. पण आजी स्वतःबद्दल ‘आयम बीइंग मार्डी’ म्हणतात तेव्हा ती अर्धी माफी असते, आई मुलाला म्हणते तेव्हा लाडिक दटावणी असते, आणि तुम्ही पेशंटबद्दल हँडओव्हरमध्ये म्हणालात तर ती तक्रार ठरते. हे कुठल्याही यादीत नसतं.

अर्थ विचारायचा तर एचसीएंना विचारा. बहुतेक जणी याच गावच्या, त्यांच्या आज्या याच वॉर्डात येऊन गेलेल्या. त्यांना विचारलं की त्या खूश होतात, दोन शब्द जास्तच सांगतात. पेशंटलाच विचारायलाही लाजू नका, फक्त ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणून थांबू नका. त्याने समोरचा तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणतो. त्याऐवजी तुम्हाला काय समजलं ते साध्या शब्दांत मांडा: ‘सो यू आर कोल्ड, यस?’ चुकलं असेल तर ते सुधारतील, आणि त्यांचा मानही राहील, तुमचाही.

नोंदी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पेशंटचे शब्द अवतरणात, आणि विचारून पक्का केलेला अर्थ त्यापुढे. म्हणजे असं: पेशंट म्हणते, ‘फेल्ट स्टार्व्ह्ड ऑल नाइट’, विचारल्यावर थंडी वाजत होती असं सांगते, तापमान 35.8, ब्लँकेट दिलं, डॉक्टरांना कळवलं. नुसतं ‘स्टार्व्ह्ड’ लिहिलंत तर पुढच्या शिफ्टची फिलिपिनो नर्स डायटिशियनला बोलावेल. नुसतं ‘थंडी’ लिहिलंत आणि तुमचा अर्थ चुकीचा असला, तर तो पकडायला मूळ शब्दच शिल्लक नाहीत.

शब्द कुठून आले याची हौस असेल, तर ती जरूर भागवा. वॉर्डात ते कामाला येणार नाही, पण मजा येते. जोसेफ राइट नावाचा माणूस 1855 मध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्मला, सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकायला लागला, मग लोकरीच्या गिरणीत गेला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि 1898 ते 1905 दरम्यान त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. तो आज इंटरनेटवर शोधता येतो, आणि कुठला शब्द कुठल्या परगण्यात कुठल्या अर्थाने, हे त्यात वेगवेगळं दिलेलं आहे. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 नंतरच्या दशकात 313 ठिकाणी माणसं पाठवून म्हाताऱ्या लोकांना शब्द विचारले, तेही काम छापलेलं आहे. पण एक लक्षात ठेवा, या नोंदी घोडे आणि नांगराच्या काळातल्या आहेत. कोशात शब्द सापडला म्हणजे आज तुमच्या चार नंबरच्या पलंगावरच्या बाई तो त्याच अर्थाने वापरतायत असं नाही. कोश फक्त शक्यता दाखवतो.

राहिला शेवटचा प्रश्न: आपणही असं बोलावं का? माझं मत: समजून घ्या सगळं, बोला थोडं. ‘दी’ आणि ‘दा’ यांना तर हातच लावू नका. हे आपल्या ‘तू’चे भाऊबंद आहेत, मोठ्यांना किंवा अनोळखी माणसाला वापरायचे नाहीत. ‘डोन्ट दी-दा मी’ अशी दटावणीच इथे प्रचलित आहे. मराठी माणसाला हे समजवायची गरज पडू नये, पण आजोबा स्वतः तुम्हाला ‘दा’ म्हणतात म्हणून आपणही म्हणावं असा मोह होतो. ते म्हणू शकतात, तुम्ही नाही. ‘लव्ह’ आणि ‘मी डक’ तुम्हाला दिवसभर ऐकू येईल, बस ड्रायव्हरपासून सर्जनपर्यंत. त्यात सलगी नाही, अपमान नाही, बाई-पुरुष भेदही नाही, इथे पुरुष पुरुषालाही ‘लव्ह’ म्हणतो. तुम्ही लगेच उलट म्हणायची गरज नाही. काही पेशंटना नावाने हाक मारलेलीच आवडते, त्यांना आधी विचारा. ‘टा’ (थँक यू) मात्र बिनधास्त वापरा.

थंडीत तुम्ही कार्डिगन घालून फिरलात की तुम्हाला ‘नेश’ म्हणतील, म्हणजे जराशा गारव्याने कुडकुडणारी. सांगलीच्या माणसाला हे बिरुद मिळणारच, हसून घ्या. आणि सकाळी कुणी तोंडभर ‘नाऊ देन!’ म्हणालं तर दचकू नका, कुणी दम देत नाहीये, ते ‘काय मग?’ आहे. त्यावर ‘नाऊ देन’च म्हणायचं. ‘यू ऑल राइट?’ला तुमची पाठदुखी सांगायला बसायचं नाही. ‘ऑल राइट, यू?’ म्हणायचं आणि हँडओव्हरला चालायला लागायचं.